प्रल्हाद सावे यांना एक तक्रार हवी आहे

चिखल्यात उतरून प्रल्हाद सावे कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक डोकं खाजवतील. सावे त्या गावात दर दोन घरांआड एक सापडतो. पण 'ते आऽऽऽ करणारे' असं म्हणालात, तर समोरचा माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला थेट फाटकापर्यंत पोचवायला येईल, आणि वाटेत त्या आऽऽऽपायी आपल्या टीव्हीची काय दशा झाली होती तेही सांगेल.

दिवसा प्रल्हादराव तलासरीच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. संध्याकाळी घरी आले की स्कूटर चिकूच्या झाडाखाली लावायची, चहा प्यायचा आणि परसातल्या खोलीत शिरायचं, हा त्यांचा नेम. खोलीच्या दारावर वसुमतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'आत तीन हजार व्होल्ट आहेत. चहा बाहेरच मिळेल.' थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, "आऽऽऽ." डॉक्टरला घसा दाखवताना माणूस काढतो, तसला. मग शांतता. मग पुन्हा आऽऽऽ. गल्लीत नव्याने आलेली सून पहिल्या आठवड्यात हळूच सासूला विचारायची, "शेजारच्या काकांना कसला आजार आहे हो?" सासू म्हणायची, "रेडिओ."

प्रल्हादराव हौशी रेडिओवाले होते. म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच्या घरातून तारेच्या जोरावर जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलणारे. कल्पना थोर आहे. हा माणूस सुरूच्या झाडापासून माडापर्यंत एक तार ताणतो, समुद्र ओलांडून, डोंगर ओलांडून, सरहद्दी ओलांडून परमुलखातल्या एका जिवापर्यंत पोचतो, आणि मग त्या जिवाला सांगतो की तुमचा आवाज छान येतोय. तो जीव सांगतो की तुमचाही छान येतोय. मग दोघं एकमेकांना आपापल्या गावची हवा सांगतात आणि निरोप घेतात. प्रल्हादरावांची वीस-बावीस वर्षांत साऱ्या पृथ्वीची हवा विचारून झाली होती. वसुमतीबाई म्हणायच्या, "आपल्या डहाणूला पाऊस आहे का ते विचारलं तर ह्यांना माहीत नसतं. जपानचं विचारा."

आवाज लांब पोचवायचा तर ताकद लागते. ती वाढवणारं यंत्र प्रल्हादरावांनी स्वतः बांधलं होतं. परवान्यात बसेल एवढ्याच ताकदीचं. सरकारी माणूस असल्यामुळे मर्यादेवर त्यांची श्रद्धा होती. पण बांधलं जुन्या पद्धतीने, काचेच्या व्हॉल्व्हचं. आजोबांच्या रेडिओत अंगठ्याएवढे व्हॉल्व्ह असायचे. हा लोणच्याच्या बरणीएवढा होता, रशियन होता, आणि मुंबईच्या जुन्या बाजारात एका माणसाने तो त्यांना शोभेचा दिवा म्हणून विकला होता. बाहेरची पेटी एका मोडक्या कपाटाच्या पत्र्याची. आतला ट्रान्सफॉर्मर तलासरीच्या रघ्याने गुंडाळलेला. रघ्या शेतीपंपांच्या मोटारी गुंडाळायचा. प्रल्हादरावांनी त्याला तासभर व्होल्ट, वेटोळी, कागदाचे थर असं सगळं समजावलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळं खरं साहेब, पण पाणी किती उंच चढवायचंय?" त्याने केलेला ट्रान्सफॉर्मर उत्तम चालला. फक्त सुरू केल्यावर विहिरीवर पंप लागल्यासारखा घुमायचा, आणि उन्हाळ्यात बाजूच्या वाडीतला गडी तो आवाज ऐकून पाटाचं पाणी धरायला धावायचा.

आता आऽऽऽचं कारण.

या यंत्राला तोंडावर दोन कान असतात. एकावर 'ट्यून' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'लोड'. माइकमध्ये आऽऽऽ असा एकसारखा आवाज धरायचा आणि पहिला कान पिळायचा, तो समोरच्या मीटरचा काटा खाली बुडी मारेपर्यंत. काटा बुडाला की दुसरा कान पिळून भार चढवायचा. काटा वर येतो. पुन्हा पहिल्याने बुडवायचा, पुन्हा दुसऱ्याने चढवायचा. असं करता करता एक जागा येते, जिथे जास्तीत जास्त ताकद तारेत जाते. तिच्यापुढे केसभर जरी भार वाढवला, तरी ताकद वाढायच्या ऐवजी कमी होते. आणि हे सगळं करायचं एका दमात. कारण जुळणी होईपर्यंत ताकद बाहेर न जाता व्हॉल्व्हच्या पोटातच कोंडते, आणि त्याच्या आतला पत्रा चुलीवरच्या तव्यासारखा लाल होतो. लाल दिसला की हात काढायचा, व्हॉल्व्हला श्वास घेऊ द्यायचा, मग पुन्हा आऽऽऽ.

कचेरीत साहेबांची सही घेण्याची प्रल्हादरावांची पद्धत हीच होती. नवे कारकून फायलींचा गठ्ठाच नेऊन टेबलावर आदळत आणि साहेब लाल झाले की पळत सुटत. प्रल्हादराव आधी साहेबांच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करत. साहेब थोडे खाली आले की एक फाइल. मग चहा. पुन्हा थोडे खाली आले की दुसरी फाइल. चौथ्या फायलीला साहेबांचे कान तांबूस दिसू लागले की प्रल्हादराव उठत आणि म्हणत, "उरलेलं उद्या बघू, साहेब." त्यांच्या टेबलावरून जेवढ्या सह्या होत, तेवढ्या साऱ्या इमारतीत होत नसत. एका साहेबांनी बदलीच्या वेळी निरोपाच्या भाषणात सांगितलं, "सावेंनी मला कधी ताण दिला नाही." प्रल्हादराव मनात म्हणाले, दिला होता. दमादमाने.

भार नेमका कुठे थांबवायचा हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी तारेत किती ताकद जाते ते दाखवणारा वेगळा मीटर लागतो. तो त्यांच्याकडे होता. २०१४ च्या जूनमध्ये माडावर वीज पडली, माड वाचला, मीटर गेला. प्रल्हादराव मुंबईहून नवा आणणार होते. पण आठवड्याभरात त्यांच्या ध्यानात आलं की मीटरची गरजच नाही. गल्ली आहे.

तारेत ताकद चढू लागली की समोरच्या चिमणभाईंच्या टीव्हीवर आडव्या पट्ट्या यायच्या. चिमणभाई किराणा दुकानदार, मूळचे उंबरगावकडचे. दुकान पुढे आणि घर मागे. ते गल्ल्यावर बसूनच ओरडायचे, "प्रल्हादभाई, लीटा आव्या." याचा अर्थ निम्मी ताकद. प्रल्हादराव काटा बुडवून भार आणखी चढवायचे. मग दोन घरं पलीकडून बायजी ओट्यावर यायची. बायजी गल्लीत सगळ्यांत वडील, तिच्यासमोर प्रल्हादराव म्हणजे परवा चड्डीत फिरणारा मुलगा. ती म्हणायची, "पल्हादा, अरे माझी सून गेली." सून मालिकेतली. आता ताकद पाऊण. शेवटची खूण मारुतीच्या देवळात होती. तिथे भजनी मंडळाचा लाउडस्पीकर होता. प्रल्हादरावांचा आवाज त्यात शिरला की शब्द काही कळायचे नाहीत, पण अभंगाच्या मधोमध एखादं बदक घशात काटा अडकल्यासारखं ओरडून जायचं. बदक ओरडलं की ताकद पूर्ण. तिथे हात काढायचा.

भजन फक्त शनिवारी असायचं. त्यामुळे जगात प्रल्हादराव शनिवारीच खणखणीत ऐकू येत.

बाकी दिवस ते बायजीच्या सुनेवर भागवून घेत. वसुमतीबाई दर पंधरवड्याला चिकूच्या पाट्या भरून घरोघर दिलगिरी पोचवत. परत येताना म्हणत, "लोकांचे नवरे दारू पितात, तेव्हा त्यांना असं फिरावं तरी लागत नाही." प्रल्हादरावांना मात्र तक्रारींचं वाईट वाटत नसे. आयुष्यभर त्यांनी कचेरीत लोकांच्या तक्रारी वाचल्या होत्या आणि 'तपासणी केली असता तथ्य आढळून आले नाही' असं लिहून मिटवल्या होत्या. इथे प्रत्येक तक्रारीत तथ्य होतं. एवढं खरं बोलणारी गल्ली साऱ्या तालुक्यात नसेल, असं त्यांना वाटे.

आणि २०१७ च्या सुरुवातीला गल्लीवर ललित आला.

ललित केबलवाला. त्याने घराघरात सेट टॉप बॉक्स बसवले. सरकारचा नियमच होता. त्याच सुमाराला भजनी मंडळाला कुणा भाविकाने नवी साउंड सिस्टिम दिली. प्रल्हादराव हे ऐकून होते, पण त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. संध्याकाळी नेहमीप्रमाणे यंत्र तापवलं, आऽऽऽ धरला, काटा बुडवला, भार चढवला आणि कान देऊन बसले.

काही नाही.

त्यांनी भार वाढवला. पलीकडे मालिकेतली सून सासूला सडेतोड उत्तर देत होती. ते स्पष्ट ऐकू येत होतं. आणखी वाढवला. व्हॉल्व्ह लाल झाला. त्यांनी हात काढला, घाम पुसला आणि फाटकाशी जाऊन विचारलं, "चिमणभाई, दिसतंय का?"

"एकदम काच," चिमणभाई म्हणाले. "ललितने काम फर्स्ट क्लास केलं. तुमचं मशीन बिघडलं के शुं?"

प्रल्हादराव परत आले आणि यंत्र बंद केलं. शनिवारी देवळाबाहेर उभे राहून अख्खं भजन ऐकलं. बदक नाही. मंडळींना वाटलं सावे भक्तीला लागले. त्यांनी प्रसाद दोनदा दिला.

त्यातच सूर्य आळसावला. दर अकरा वर्षांनी तो काही काळ असा मंदावतो आणि लांबचे आवाज पोचेनासे होतात. हे प्रल्हादरावांना पुस्तकातून पाठ होतं. पण पुस्तकातला सूर्य वेगळा आणि आपण हाक मारून आपल्यालाच ऐकू येत राहणं वेगळं. दूरचा कुणी उत्तर देईना, जवळचा कुणी ओरडेना. यंत्र मेलं की दुनिया दुरुस्त झाली, हे कळायला मार्ग नव्हता. ललितला त्यांनी रस्त्यात गाठून विचारलं, "तुझ्या खोक्यात काही दोष निघण्याचा संभव?"

"काका, बॉम्ब पडला तरी चित्र हलणार नाही," ललित अभिमानाने म्हणाला.

"अरे, थोडं तरी?"

ललितने वर्षानुवर्षं यांच्यापायी शिव्या खाल्ल्या होत्या. तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

इकडे वसुमतीबाईंचा धंदा वाढत होता. बायजीला आणि आणखी चारपाच जणींना घेऊन त्यांनी बचत गट काढला होता. पिकल्या चिकूच्या फोडी उन्हात सुकवून, पुड्या बांधून विकायच्या. घोलवडला येणारे पर्यटक त्या पुड्यांवर तुटून पडत. स्वयंपाकघराच्या टेबलावर एक छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, पुड्यांची चळत, खाली डबे. जेवायला बसायचं तर ताटाला जागा नाही. संक्रांतीनंतर सुकवणीचा खरा हंगाम. परसातली खोली कोरडी, दाराला जाळी, वरून पत्रा. चिकूसाठी जणू मागवलेली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्यांनी विषय काढला.

"अहो, ती खोली."

"वसू, ती चालू खोली आहे."

"काय चालू आहे तिच्यात?"

प्रल्हादरावांनी पोह्यांत लिंबू पिळलं.

"वर्ष होत आलं," वसुमतीबाई म्हणाल्या. "कुणी ओरडत नाही, कुणी येत नाही. मी मेली चिकू वाटायची सवय लागली म्हणून अजून पाट्या भरते आणि मग आठवतं. तुम्ही आत जाता, आऽऽऽ करता, तोंड पाडून बाहेर येता. त्यापेक्षा फोडी सुकतील."

"मशीन चालतंय. फक्त कळत नाहीये."

"मग असं करू. संक्रांतीपर्यंत या गल्लीत तुमच्या मशीनची एक तरी तक्रार आली, तर खोली तुमची. पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आली, तर संक्रांतीला सगळं माळ्यावर."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. इतका न्याय्य प्रस्ताव त्यांच्यासमोर कुठल्या साहेबानेही ठेवला नव्हता. नाही म्हणायला जागाच नव्हती.

आणि मग चिखल्याने ते दृश्य पाहिलं. ज्यांनी वर्षानुवर्षं लोकांना सतावलं, ते प्रल्हाद सावे दारोदार तक्रार मागत हिंडू लागले.

"बायजी, काल साडेसातला काही हललं का? रंग उडाला? खरखर?"

बायजी तूर निवडत होती. "नाही रे बाबा. छान दिसली सून. दुसरं लग्न करतेय."

"नीट आठव."

"अरे, तू ओरडायचास तेव्हा मालिका बंद पडायची, मग मी उठून भाकरीला बसायची. आता मालिका संपतच नाही, भाकरीला उशीर होतो, म्हातारा चिडतो. ही धर माझी तक्रार."

ती धरण्यासारखी नव्हती. नियमात बसत नव्हती.

चिमणभाईंनी मात्र आपुलकीने मार्ग सुचवला. त्यांनी प्रल्हादरावांना गोणीवर बसवलं, गुळाचा खडा दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला कंप्लेनच पाहिजे ना? करून देतो की. भाभींना सांगतो, लीटा आव्या. लेखी पाहिजे तर लेखी. आपलं घरचं काम छे."

प्रल्हादरावांनी गूळ तोंडात धरून बराच विचार केला. कचेरीत त्यांनी अशा कितीतरी कागदांना वाट करून दिली होती. पण हा कागद वेगळा होता.

"नको, चिमणभाई."

"अरे पण कोण बघायला येतंय?"

"मशीनला कळेल," प्रल्हादराव म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. "म्हणजे मला कळेल. खोटा काटा बघून भार चढवला की व्हॉल्व्ह फुटतो."

"तमारी मरजी," चिमणभाई म्हणाले. "पण माणूस सरकारी असून एवढा साधा राहिला कसा, ते मला समजत नाही."

मग प्रल्हादरावांनी शेवटचा उपाय म्हणून भाराचा कान पार टोकापर्यंत पिळायला सुरुवात केली. ओरडेल तर कुणीतरी, या आशेने. संध्याकाळी आऽऽऽचा आवाजही वाढला. त्यात आता व्याकूळपणा होता. कुणी ओरडलं नाही. वसुमतीबाई टेबलावर पुड्या भरत राहिल्या. मध्येच त्यांचा वजनकाटा चळल्यासारखा करायचा. त्यांना वाटलं वाऱ्याने. त्यांनी पंखा बंद केला. मग वाटलं टेबल डुगडुगतंय. त्यांनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. यंत्राकडे संशय गेलाच नाही. ज्या यंत्राची वर्षभर कुणी दखल घेतली नव्हती, त्याच्यावर कोण संशय घेणार?

भोगीचा दिवस उजाडला. प्रल्हादरावांना सुट्टी होती. सकाळीच माळा झाडला, खोकी काढली, तारांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. व्हॉल्व्ह तेवढा काढला नाही. दुपारी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी पुढ्यात आली. ते भाजीतले वाल एकेक करून बाजूला काढत बसले. वसुमतीबाईंनी ते पाहिलं. त्यांनाही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. पण चिकू कुणासाठी थांबत नाही.

चारच्या सुमाराला फाटक वाजलं. चिमणभाई, हातात पिशवी.

"वसुमतीबेन, वाईट वाटून घेऊ नका. गिऱ्हाईक बोलतंय."

पिशवीतून त्यांनी पुड्या काढल्या. वर दोनशे ग्रॅम छापलेलं. एक बाई परत घेऊन आली होती, पुडी हलकी लागते म्हणून. चिमणभाईंनी मागच्या खोलीतला जुना तराजू काढला, लोखंडी वजन टाकलं, आणि खरंच, सगळ्या पुड्या कमी भरल्या. कुठे मूठभर, कुठे चिमूटभर.

वसुमतीबाईंचा चेहरा पडला. मापात मारलं असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. "माझा काटा नवा आहे, चिमणभाई."

"काटा नवा, पण माझा तराजू जुना. हे वजन ठेवा तुमच्याजवळ, तपासून बघा." त्यांनी दोनशेचं लोखंडी वजन टेबलावर ठेवलं आणि अपराध्यासारखे निघून गेले. जाताना परसातल्या खोलीकडे बघून म्हणाले, "प्रल्हादभाई, आज छेल्लुं?"

"हो, आज शेवटचं," प्रल्हादराव आतून म्हणाले.

यंत्र माळ्यावर जाण्याआधी एकदा तापवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आजारी माणसाला नेण्याआधी घोटभर पाणी देतात, तसं. रघ्याचा ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. वाडीतला गडी पाटाकडे बघून आला. काचेच्या बरणीत नारिंगी उजेड धरला. प्रल्हादरावांनी माइक ओढला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आऽऽऽ."

थांबले.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो."

"झालंच. बंद करतोय."

"बंद नका करू. पुन्हा म्हणा बघू."

"काय?"

"तेच ते. आऽऽऽ."

अठ्ठावीस वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं. प्रल्हादरावांनी घसा खाकरला. "आऽऽऽ."

"थांबा."

शांतता.

"आता पुन्हा."

"आऽऽऽ."

"पुरे."

आणि बराच वेळ काही नाही. त्या वेळात वसुमतीबाई काय करत होत्या ते त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. त्या टेबलापाशी उभ्या होत्या. काट्यावर चिमणभाईंचं लोखंडी वजन होतं. आतून आऽऽऽ आलं की ते दोनशेचं वजन बसल्या जागी दोनशे चौदा व्हायचं, आऽऽऽ थांबलं की पुन्हा दोनशे. पुड्यांत फोडींबरोबर नवऱ्याचा आवाज भरला गेला होता आणि गिऱ्हाइकांनी त्याचे पैसे दिले होते. हे गल्लीत दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. काटा उचलून डब्यात ठेवला असता, रात्र गेली असती, सकाळी तिळगूळ झाला असता आणि खोली वसुमतीबाईंची झाली असती. त्या एवढंच सांगतात की उभं राहून राहून पायाला मुंग्या आल्या.

मग त्या परसात आल्या. काटा दोन्ही हातांत धरून आपल्याच पाटीखाली उभ्या राहिल्या.

"माझी तक्रार आहे," त्या म्हणाल्या.

प्रल्हादराव उठून उभे राहिले. कचेरीत कुणी असं म्हटलं की ते बसून राहत.

"तुमच्या मशीनमुळे माझ्या पुड्या हलक्या गेल्या. साऱ्या गावात माझं नाव खराब. हा काटा वेड्यासारखा करतो तुमच्या ओरडण्याने."

"किती?"

"काय किती?"

"किती ग्रॅमनं चढतो?"

"चौदा. अहो, मी काय सांगतेय..."

"वसू, इथे ठेव तो. दारातच. वजन ठेव त्याच्यावर. आणि वाचत जा."

रागावलेल्या माणसाने काय वाचायचं? पण समोरच्याच्या तोंडावर जे आलं होतं ते त्यांनी वर्षभर पाहिलं नव्हतं. त्या उंबऱ्यावर बसल्या. प्रल्हादरावांनी आऽऽऽ धरला आणि पहिला कान पिळून मीटरचा काटा बुडवला.

"दोनशे तेरा," वसुमतीबाई म्हणाल्या. "चौदा."

मग प्रल्हादरावांनी भार कमी केला. महिनाभर तो टोकापर्यंत पिळून ठेवला होता. पार पुढे, जिथे ताकद चढायच्या ऐवजी उतरते.

"एकोणीस. बावीस. अगं बाई, सव्वीस."

व्हॉल्व्ह तांबूस झाला. प्रल्हादरावांनी हात काढला, श्वास घेतला. पुन्हा आऽऽऽ. पुन्हा बुडवला.

"एकतीस. तेहतीस. बत्तीस. उतरतोय, मागे घ्या."

"किती मागे?"

"मला काय विचारता, केसभर घ्या. हां. तेहतीस. चौतीस. तिथेच थांबा, हलू नका."

प्रल्हादराव हलले नाहीत. जुन्या मीटरनेही इतकी नेमकी जागा दाखवली नव्हती. आणि तो मीटर कधी ओरडला नव्हता.

त्यांनी हाक दिली. नाव, गाव, चिखले, भारत. एकदा, दोनदा. खरखर. तिसऱ्यांदा. आणि खरखरीच्या तळातून, विहिरीत पोहरा आपटावा तसा, एक आवाज आला. बल्गेरियातला कुणी गृहस्थ होता. तो म्हणाला, तुमचा आवाज छान येतोय.

प्रल्हादरावांनी तुमचाही छान येतोय म्हणून सांगितलं. गृहस्थ म्हणाला, इकडे बर्फ पडतोय. प्रल्हादराव म्हणाले, इकडे ऊन आहे. गृहस्थाने निरोप घेतला.

वसुमतीबाई वाट बघत राहिल्या. "मग?"

"मग काय?"

"पुढे काय म्हणाला?"

"झालं की."

"एवढंच?" त्यांनी काट्यावरचं वजन उचलून मांडीवर घेतलं. "एवढ्यासाठी माझ्या पुड्या हलक्या केल्यात?"

प्रल्हादराव खोलीभर नजर फिरवत होते. यंत्र दाराशी सरकवलं तर मागची भिंत पूर्ण रिकामी होते. तिथे फोडींच्या जाळ्या चार नव्हे, सहा थर लागतील. व्हॉल्व्हची ऊबही होती. ढगाळ दिवशी कामाला येईल. त्यांनी हे हळूहळू, दमादमाने मांडलं. आधी ऊब सांगितली. वसुमतीबाई थोड्या खाली आल्या. मग जाळ्या. मग चहा करतो म्हणाले.

"मला साहेब समजू नका," वसुमतीबाई म्हणाल्या. पण उठल्या नाहीत.

हलक्या पुड्या चिमणभाईंनी दुकानातच फोडून पुन्हा भरून घेतल्या, लोखंडी वजनावर. कारण कळल्यावर ते म्हणाले, "एटले मारी कंप्लेन चाली?" आपल्याच तक्रारीने प्रल्हादभाईंची खोली वाचली, याचा त्यांना एवढा आनंद झाला की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते ही गोष्ट सांगू लागले. बायजी म्हणाली, माझी तक्रार आधी होती, भाकरीची. ती कुणी ऐकली नाही.

आता खोलीत चिकूचा वास असतो. पुड्या भरायच्या वेळी वसुमतीबाई दारातून "वजन" असा एकच शब्द टाकतात, आणि प्रल्हादराव बल्गेरियाला, जपानला, कुणी असेल त्याला मध्येच थांबवून यंत्र बंद करतात. त्या लोकांना वाटतं हिंदुस्थानात अजून वीज जाते. जुळणीच्या वेळी मात्र पुड्या बाजूला होतात, बाई उंबऱ्यावर बसतात आणि फोडी निवडता निवडता काट्याकडे बघतात.

"आऽऽऽ."

"एकतीस. अहो, झोपलात का? चढवा."